फटी बुजविण्याची गन कशी निवडावी?

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावयाचे, ही आपल्या बेळगावकडील जुनी रीत. कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा चढवावयाची, पन्हळी साफ करावयाच्या आणि मग निर्धास्तपणे पावसाची वाट पाहावयाची. आता कौलारू घरे मागे पडली. त्यांच्या जागी स्लॅब आला, सागवानी चौकटी जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, मोरीचे न्हाणीघर होऊन तिच्या भिंतींना टाइल्स लागल्या. घर बदलले तरी पाऊस मात्र तोच आहे. पूर्वी तो कौलांतून ठिबकत असे, आता तो सांध्यांतून आत येतो.

या नव्या सांध्यांचे एक वैशिष्ट्य आहे. ॲल्युमिनियम, काच, सिमेंट व टाइल हे पदार्थ उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. मे महिन्यातील दुपारी तापलेली चौकट पहाटे पुन्हा आकसते आणि तिच्याभोवती भरलेले सिमेंट किंवा लांबी हळूहळू सुटू लागते. फट अवघी दोन मिलिमीटरांची असते, परंतु वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाला तेवढी वाट पुष्कळ होते. मग भिंतीला ओल येते, रंगाचे पापुद्रे निघतात, काळी बुरशी धरते. विजेचे बटण त्याच भिंतीवर असेल तर धोका उद्‌भवतो आणि घरात दमेकरी माणूस असेल तर त्याचे हाल होतात. म्हणून अशा सांध्यांत ताणले तरी तुटणार नाही असा रबरासारखा पदार्थ भरावा लागतो. त्यास सीलंट म्हणतात. सीलंट नळकांड्यांत भरून विकत मिळते आणि ते सांध्यात नेमके सोडण्यासाठी जे हत्यार लागते त्यास कॉकिंग गन म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘सिलिकॉन गन’ म्हटले की दुकानदार तेच पुढे ठेवतो.

हत्यार साधे दिसते, त्यामुळे बहुतेक लोक समोर येईल ते उचलतात. पुढे काम बिघडले की दोष सीलंटला दिला जातो. वस्तुतः अर्धे काम गनच्या निवडीवर अवलंबून असते. ती निवड कशी करावी, हे या लेखात थोडे खुलासेवार सांगावयाचे आहे.

गन काम कशी करते?

गनचे मुख्य भाग पाच. नळकांडे ठेवण्याची चौकट किंवा पाळणा, धरावयाची मूठ, दाबावयाचा चाप, मागून पुढे सरकणारी लोखंडी दांडी आणि त्या दांडीच्या टोकाची चकती. चाप दाबला की दांडी थोडी पुढे सरकते, चकती नळकांड्याच्या तळाचे बूच आत ढकलते आणि चोचीतून सीलंट बाहेर येते.

चाप ही एक तरफ आहे. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना आपण टेकू, बल आणि भार शिकवितो, तेच येथे आहे. खिळीजवळचा टेकू, दूरच्या टोकावर बोटांचे बल आणि टेकूच्या अगदी जवळ दांडीला ढकलणारी पट्टी. बोटांनी लावलेले बल जितके पट होऊन दांडीवर पडते, तो त्या गनचा यांत्रिक फायदा. चांगल्या गनच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. ६ : १, १२ : १, १८ : १ आणि क्वचित २६ : १ सुद्धा.

समजा, आपल्या बोटांनी १० किलोग्रॅम-भाराइतके बल लावले. घर्षण सोडून दिले तर ६ : १ च्या गनमध्ये दांडीवर ६०, १२ : १ मध्ये १२० आणि १८ : १ मध्ये १८० किलोग्रॅम-भार पडेल. मग मोठा आकडा तोच चांगला, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्र फुकट काहीच देत नाही. बलात जे मिळते ते अंतरात द्यावे लागते. चापाचे टोक सहा सेंटीमीटर दाबले, तर ६ : १ ची दांडी १० मिलिमीटर पुढे जाते, १२ : १ ची ५ मिलिमीटर आणि १८ : १ ची जेमतेम सव्वातीन मिलिमीटर.

नेहमीच्या ३०० मिलिलिटर नळकांड्याचा आतील व्यास साधारण ४.७ सेंटीमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस सेंटीमीटर असते. त्यावरून हिशेब केला तर संपूर्ण नळकांडे रिकामे होण्यास पहिल्या गनने सुमारे १८ वेळा, दुसरीने ३५ वेळा व तिसरीने ५३ वेळा चाप दाबावा लागेल. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. एका दाबात थोडेच सीलंट येत असल्यामुळे बारीक सांध्यावर हात उलट स्थिर राहतो.

कोणत्या सीलंटला कोणती गन?

सीलंट जितके घट्ट, तितका यांत्रिक फायदा अधिक हवा. हे सूत्र लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक सीलंट मऊ असते. घराच्या आतील भिंतीवरील भेगा, दाराची चौकट व गिलावा यांमधील फट अशा कोरड्या जागी ते वापरावे. त्यावर रंग बसतो. त्याला ६ ते १० : १ ची साधी गन चालते. सिलिकॉन हे मध्यम घट्ट. न्हाणीघर, सिंक, काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या यांसाठी ते योग्य. त्यास १२ : १ ची गन उत्तम. पॉलियुरेथेन आणि बांधकामातील चिकटद्रव्ये फार घट्ट असतात. काँक्रीटचे सांधे, पत्र्याचे जोड अशा दणकट कामांसाठी ती लागतात. त्यांस १८ : १ किंवा त्याहून अधिक हवे. साध्या गनने पॉलियुरेथेन काढू गेल्यास बोटे दुखतात, दांडी वाकते, पण सीलंट नीट येत नाही.

सर्वसाधारण कुटुंबाने एकच गन घ्यावयाची असेल तर १२ : १ च्या जवळपासची घ्यावी. तिने मऊ सीलंटही निघते आणि सिलिकॉनही. घरात वयस्क माणसे किंवा स्त्रिया हे काम करणार असतील तर १८ : १ ची घेण्यास हरकत नाही. काम थोडे सावकाश होईल, परंतु हात थकणार नाही.

खरी परीक्षा थांबण्यात

आता निवडीतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. सीलंट बाहेर काढणे कोणत्याही गनला जमते. मनात येईल तेथे ते थांबविणे हे चांगल्या गनचे लक्षण होय.

चाप सोडल्यावरही चोचीतून सीलंट का येत राहते? दाब दिल्यामुळे नळकांड्याची भिंत किंचित फुगलेली असते आणि आतील हवेचे बुडबुडे आकसलेले असतात. हा साठलेला दाब चाप सोडल्याबरोबर नाहीसा होत नाही. जोपर्यंत दांडी मागून रेटून धरते तोपर्यंत तो सीलंटला पुढेच ढकलत राहतो. मग ते टाइलवर पडते, ओट्यावर पडते, कपड्यांना लागते. पुसावयास जावे तर आणखी पसरते आणि वाळल्यावर खरवडून काढावे लागते.

या दृष्टीने गनचे तीन प्रकार होतात.

पहिला दातेरी दांडीचा. दांडीच्या एका बाजूस करवतीसारखे दाते असतात, चाप दाबला की ‘कट्‌ कट्‌’ असा आवाज होतो. थांबविण्यासाठी दांडी हाताने फिरवून दाते उलट बाजूस न्यावे लागतात. एका हातात गन, दुसरा हात शिडीला, अशा वेळी दांडी फिरविणार कशी? ही गन स्वस्त असते, पण घरच्या कामास फारशी उपयोगाची नाही.

दुसरा गुळगुळीत दांडीचा. येथे दाते नसतात. एक पोलादी पट्टी तिरकी होऊन दांडीला घट्ट पकडते व पुढे नेते. दुसरी पट्टी मुठीच्या मागे असते, ती दांडीला मागे येऊ देत नाही. ही मागची पट्टी अंगठ्याने दाबली की पकड सुटते व दाब लगेच उतरतो. म्हणजे एकाच हाताने काम सुरू करता येते आणि थांबविताही येते. अंगठा वेळेवर दाबण्याची सवय मात्र करावी लागते.

तिसरा प्रकार न ठिबकणाऱ्या गनचा. यातही दांडी गुळगुळीतच, परंतु चाप सोडताच ती आपोआप किंचित मागे सरकते आणि दाब उतरतो. अंगठ्याची आठवण ठेवावी लागत नाही. नवख्या माणसासाठी हाच प्रकार सर्वांत चांगला. किंमत थोडी अधिक पडते. पण वाया जाणारे सीलंट आणि डागाळलेल्या टाइल्स यांचा विचार केला तर ती दोन-चार कामांतच वसूल होते.

बॅटरीवर किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनही मिळतात. दिवसभर हेच काम करणाऱ्या कारागिरांस त्या ठीक. वर्षातून चार वेळा काम निघणाऱ्या घरास त्यांची गरज नाही. तसेच ६०० मिलिलिटरच्या मऊ वेष्टनातील सीलंटसाठी बंद नळीची मोठी गन असते. तीही ठेकेदाराच्या कामाची. आपले ३०० मिलिलिटरचे नळकांडे उघड्या चौकटीत किंवा पाळण्यातच बसवावे.

दुकानात काय पाहावे?

गन हातात घेतल्याशिवाय विकत घेऊ नये. दुकानदारास एखादे नळकांडे मागून ते गनमध्ये बसवून पाहावे. ते डगमगता कामा नये आणि त्याचे पुढचे तोंड चौकटीच्या खाचेत सरळ बसले पाहिजे. चकती दांडीशी काटकोनात आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. चकती तिरकी असेल तर ती नळकांड्याच्या कडेला घासते आणि सीलंट मागून बाहेर येते.

मग नळकांडे काढून चाप दहा वेळा दाबावा. दरवेळी दांडी सारखीच पुढे गेली पाहिजे. ती मध्येच घसरत असेल तर पकडपट्टी कमजोर आहे असे समजावे. यानंतर दांडी हाताने मागे ढकलून पाहावी. मागची पट्टी न दाबता ती सहज मागे आली तर ती गन नको. न ठिबकणाऱ्या गनमध्ये दांडी काही मिलिमीटर मागे येते, तेवढा दोष मानू नये.

मुठीपासून चापापर्यंतचे अंतर आपल्या पंज्यात बसते का, हेही पाहावे. जो माणूस काम करणार त्याचाच हात येथे मोजावयाचा. पत्रा हाताने दाबून वाकत असेल तर पुढे दाबाखाली चौकट नक्कीच वाकेल. जाड पत्र्याची किंवा ओतीव ॲल्युमिनियमच्या मुठीची गन पुष्कळ वर्षे टिकते.

खोक्यावर आकडा नसेल तर तो आपणच काढावा. शाळकरी मुलांकडून करवून घेण्याजोगा हा प्रयोग आहे. दांडीवर पेन्सिलने खूण करावी, चाप पूर्ण दहा वेळा दाबावा आणि खूण किती पुढे गेली ते मोजावे. ५ सेंटीमीटर गेली असेल तर एका दाबास ५ मिलिमीटर झाले. चापाचे टोक किती सरकते तेही पट्टीने मोजावे. ते ६० मिलिमीटर असेल तर ६० भागिले ५, म्हणजे १२ : १. सुरुवातीस चाप थोडा रिकामा फिरतो, त्यामुळे उत्तर अगदी काटेकोर येणार नाही, परंतु निवडीस पुरेसे होईल.

काही गनना चोच कापण्याचे भोक, आतील पडदा टोचण्याची तार व शिडीला अडकविण्याचा आकडा असतो. या सोयी असल्यास उत्तम, पण केवळ त्यांसाठी कमकुवत गन घेऊ नये. चोच धारदार सुरीनेही कापता येते.

सीलंट किती आणावे?

हिशेब अगदी सोपा आहे. सांध्याची रुंदी गुणिले खोली गुणिले लांबी. चार फूट रुंद व चार फूट उंच खिडकीचा परीघ १६ फूट, म्हणजे सुमारे ४.९ मीटर. सांधा ६ मिलिमीटर रुंद व ६ मिलिमीटर खोल धरला तर एका खिडकीस सुमारे १७६ मिलिलिटर सीलंट लागेल. अशा तीन खिडक्यांस ५२८ मिलिलिटर, म्हणजे दोन नळकांडी. सांधा १० मिलिमीटर रुंद व तितकाच खोल असेल तर एक नळकांडे तीन मीटरांतच संपते. म्हणून खोल फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि तिच्यावर सीलंट भरावे. सीलंटची बचत तर होतेच, शिवाय ते तळाला न चिकटता दोन्ही बाजूंसच चिकटल्यामुळे मोकळेपणाने ताणले जाते.

नळकांडे घेताना त्यावरील मुदतीची तारीख अवश्य वाचावी. मुदत संपलेले सिलिकॉन कधी कधी वाळतच नाही.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधे सिलिकॉन वाळताना सिरक्यासारखा आंबट वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. आपल्याकडे स्वयंपाकघरातील ओटा पुष्कळदा कडप्प्याचा आणि जमीन शहाबादी फरशीची असते. हे दोन्ही चुनखडीचे दगड. चुनखडीवर आम्लाचा परिणाम होतो, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यातच येते. संगमरवराचेही तेच. अशा दगडांस आणि पितळी नळांच्या आसपास ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉनच वापरावे. किंमत थोडी जास्त, पण दगडावर डाग राहत नाही.

प्रत्यक्ष काम

सांधा कोरडा, स्वच्छ आणि धूळरहित असला पाहिजे. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. सांध्याच्या दोन्ही कडांस चिकटपट्टी लावली तर रेघ सरळ येते. चोच ४५ अंशांत तिरकी आणि सांध्याच्या रुंदीपेक्षा किंचित लहान कापावी. कापण्याची घाई नको. लहान भोक मोठे करता येते, मोठे लहान करता येत नाही.

गन सांध्याशी तिरकी धरून एकाच वेगाने हात चालवावा. शेवट जवळ आला की चाप थोडा आधीच सोडावा व अंगठ्याने मागची पट्टी दाबावी. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. तत्पूर्वी साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या चमच्याच्या पाठीने रेघ सारखी करावी आणि चिकटपट्टी ओली असतानाच काढावी. सिलिकॉन हवेतील बाष्प घेऊन बाहेरून आत वाळत जाते, साधारणपणे दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून निदान २४ तास, आणि खोल सांधा असल्यास दोन-तीन दिवस, तेथे पाणी लागू देऊ नये.

काम झाल्यावर चोचीत स्क्रू घट्ट बसवून ठेवावा. दांडी व चकती ओली असतानाच पुसून घ्यावी. चापाच्या खिळीस तेलाचा एक थेंब पुरे. गुळगुळीत दांडीस मात्र तेल लावू नये. ती घर्षणाच्या पकडीवरच चालते. तेल लागले की पट्टी घसरू लागते.

कोठे भरू नये?

गन हाती आली की प्रत्येक भोक बुजविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूस लहान भोके असतात. पट्टीत साचलेले पाणी बाहेर जावे म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. ती बुजविली तर पाणी आत घरात येते, आणि लोक म्हणतात, सीलंट भरूनही गळते.

दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तेथील झडपा, जाळी किंवा हवेची कोणतीही वाट थंडीच्या किंवा पावसाच्या कारणाने कदापि बंद करू नये. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुदमरल्याचेही कळत नाही आणि तो बेशुद्ध होतो. हे घरातील सर्वांस, विशेषतः मुलांस, सांगून ठेवावे. ज्या न्हाणीघरास हवेची वाटच नाही तेथे असा गीझर नसावा.

नळाची फुटकी पाइप, स्लॅबमधून होणारी गळती आणि भिंतीला गेलेला मोठा तडा यांवरही गनचा उपाय नाही. तेथे प्लंबर व गवंडी यांनाच बोलवावे. वरून सीलंट फासल्याने रोग झाकला जातो, बरा होत नाही.

सारांश असा. गुळगुळीत दांडीची, शक्य तर न ठिबकणारी, १२ : १ च्या आसपासची, जाड पत्र्याची आणि आपल्या पंज्यात बसणारी गन घ्यावी. काम मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत उरकावे. ही वस्तू वर्षातून तीन-चार दिवसच लागते. तेव्हा प्रत्येक घराने एकेक हलकी गन घेण्यापेक्षा शेजारच्या चार घरांनी मिळून एक चांगली गन घेतली तर खर्च कमी येतो आणि वस्तूही उत्तम मिळते. फक्त ज्याच्याकडून ती परत येईल, त्याने दांडी पुसून द्यावी, एवढा नियम पाळला म्हणजे झाले.